सहा नंबरचा खड्डा

वीतभर

सहावी खुंटी हिवराच्या झाडापासून आठ हातांवर पडली, म्हणून नवल काही बोलला नाही. चार हातांवर पडली असती तर बोलला असता. निदान टेप थोडा वाकडा धरला असता.

टेपचं दुसरं टोक ज्योत्स्ना मॅडमच्या हातात होतं. त्या जळगावच्या एका संस्थेच्या. पहाटेच्या गाडीने दोंडाईच्याला उतरायच्या, तिथून रिक्षाने बारा किलोमीटर. गावाच्या नऊ एकर गायरानाचे त्यांनी कागदावर दहा चौकोन पाडले होते. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक खड्डा, प्रत्येक खड्ड्यातली माती एका पिशवीत, पिशवीवर नंबर. मध्य म्हणजे मध्य. झाड येवो, दगड येवो.

"इथं आधी काय होतं, नवलभाऊ?"

"काही नाही मॅडम. ढोरं चरायची."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी बी ढोरंच."

त्या हसल्या. नवलने कुदळ उचलली. वीतभर खाली गेल्यावर माती बदलली. वरची राखाडी, खालची काळी. मॅडमनी दाखवली तेवढी त्याने काढली, पिशवीत भरली, पिशवीचं तोंड पिळून धरलं. घाम पुसला आणि हिवराकडे बघितलं. आठ हात, तो मनात म्हणाला. आठ हात पुष्कळ झाले.

गायरानाला लागून रंगाचा कारखाना होता. सुरतेच्या साड्या इथं रंगायच्या. बंद पडून अकरा वर्षं झाली. मालक गेला, पत्रे गेले, लोखंडी गेटसुद्धा कोणी उचलून नेलं. रंग तेवढा राहिला. पावसाळ्यात गायरानात जांभळी डबकी साचायची. त्यातून चाललेल्या बैलांचे खूर पोळ्यापर्यंत जांभळे राहायचे. गवत उगवणं थांबलं. गावातल्या भटूच्या मुलीच्या हातांना चट्टे पडले आणि ते फुटून वाहायला लागले. गायरानाच्या कडेला गावाची विहीर, ती तीन वर्षांपूर्वी सरकारी माणसांनी सील केली. तोवर अख्खं गाव तिचंच पाणी पीत होतं, आणि ते सोडायचा नवल. ग्रामपंचायतीचा शिपाई तो. रोज सकाळी सहाला वॉल्व्ह फिरवायचा.

सात वर्षं फिरवला.


हातभर

दोन महिन्यांनी तपासणीचा कागद आला. ग्रामपंचायतीच्या खोलीत माणसं मावेनात. पैसा देणाऱ्यांची अट सगळ्यांना पाठ होती: दहातले सहा खड्डे खराब निघाले पाहिजेत. सहा निघाले तर माती काढायचा, विहीर उपसायचा, नवी माती टाकायचा सगळा खर्च त्यांचा. गावाने फक्त मजुरी घालायची, घरटी एक माणूस, बारा दिवस. पाच निघाले तर गाव यादीतून बाद.

ज्योत्स्ना मॅडम उभ्या राहिल्या. "एक, दोन, तीन, पाच आणि आठ. या पाच खड्ड्यांत विषारी धातू आहेत."

कोणीतरी बोटांवर मोजलं.

"आणि सहा."

सरपंच प्रेमराजने टेबलावर थाप मारली. कप उलटला. माणसं ओरडायला लागली. वाईट माती निघाली म्हणून एखादं गाव इतकं खूश झालेलं ज्योत्स्ना मॅडमनी पाहिलं नसेल. त्या हात वर करून म्हणाल्या, "ऐका, ऐका. सहामध्ये धातू नाहीत. पण क्षार इतके आहेत की प्रयोगशाळेने दोनदा तपासलं. रंग कपड्यावर बसवायला मीठ लागतं, पोत्यांनी लागतं. ते खारं पाणी कारखान्याने नाल्याच्या बाजूला सोडलेलं दिसतंय. म्हणून त्या कोपऱ्यातली तीन फूट माती काढावी लागेल. पार झाडापर्यंत."

प्रेमराजने पेढ्याचा खोका उघडून नवलपुढे धरला. "ले, तोंड गोड कर. तीन वरीस फाइल काखमा धरीसन फिरना तू. हाऊ पेढा तुनाच शे."

बोलता बोलता प्रेमराज थांबला. नवलच्या तोंडाकडे बघत राहिला. मग खोका पुढच्या माणसाकडे गेला.

नवलने पेढा खाल्ला. सगळ्यांसमोर हातात धरून किती वेळ उभं राहणार.


गुडघ्याइतकं

चार वर्षांपूर्वीचा श्रावण. नवल आणि मेघाची दिपमाला चौदा महिन्यांची होती. भिंतीला धरून चालायची. तीन दिवस जुलाब झाले, चौथ्या दिवशी दोंडाईच्याच्या दवाखान्यातच गेली. डॉक्टरने कागदावर जुलाब एवढंच लिहिलं. कशाने, ते लिहिलं नाही.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. गावातली अशी पोरं नाल्याच्या पल्याड पुरतात. त्या दिवशी नाला दोन्ही काठ भरून चाललेला. नवल, प्रेमराज आणि भावकीतले दोघे काठावर उभे राहिले. पाणी उतरायची वाट बघत. नवलच्या हातावर पिवळ्या फडक्यातलं ओझं. तासभर झाला, दोन तास झाले. शेवटी प्रेमराज म्हणाला, "नवल, आठेच ठी दे. हिवरखाल." आणि त्याने आपलं पावडं मातीत घातलं.

खड्डा कंबरेइतका.

पोरावर मीठ टाकायची रीत. कुत्रं उकरत नाही, आणि माती लेकराला लवकर आपलंसं करते. नवलची आई प्रमिलाबाई घरून निघताना म्हणाली होती, एक पोतं टाक. बंद कारखान्यात कुत्र्यांच्या टोळ्या होत्या. नवलने दोन टाकली. आठ किलोची पोर आणि शंभर किलो खडेमीठ.

रिकामी पोती प्रमिलाबाईने धुतली. ती काही टाकून देत नाही. एक मिरच्या वाळवायला गेलं, एक दारात आलं, पाय पुसायला. पोत्यावर निळा मोर छापलेला.

आणखी एक रीत अशी की पुरल्याची जागा आईला सांगत नाहीत. सांगितली तर ती घरात राहत नाही. मेघाने विचारलं होतं, एकदाच.

"कोठे ठेवं तिले?"

"नालाना पल्याड," नवल म्हणाला.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, घरोघर मेलेल्यांच्या नावाने घागर भरतात. चौदा महिन्यांच्या पोरीची कोणी भरत नाही. मेघा भरायची. कुंभारणीकडून मुठीएवढं मडकं आणायची, पाणी भरायची, वर खरबुजाची फोड ठेवायची आणि नाला ओलांडून पल्याडच्या काठावर एका दगडापाशी ठेवून यायची. नवल तिच्याबरोबर नाल्यापर्यंत जायचा. ती पल्याड जाऊन बसली की तो अल्याड हिवराखाली उभा राहायचा. चार आखाज्या झाल्या.

पेढ्याच्या दिवशी संध्याकाळी मेघा दळण घेऊन गेली तेव्हा त्याने आईला सांगितलं.

प्रमिलाबाई शेंगा फोडत होती. हात थांबला नाही. "मी तुले एक पोतं सांगं व्हतं."

"कुत्रा व्हतात ना माय तठे."

"एक टाकतास तं इतलं नही व्हतं."

"मी तिले काढी लेस. पल्याड ठी देस. पाहाटले जास."

आता हात थांबला. "गाडेल पोरले उकरतस का कोनी? बाप शे का कोल्हा शे तू?"

तरी तो गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताना, पावडं घेऊन. कोपऱ्याभोवती पिवळी पट्टी बांधलेली होती आणि राखणीचा माणूस खुर्चीवर बसून दात घासत होता. "कोठे चालनात नाना, पावडं लिसन?" नवल म्हणाला, पाइपलाइन बघायची आहे. आणि खरंच पाइपलाइन बघत पुढे गेला.


"मॅडम, ते सहा नंबर..."

असं तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मॅडमचा फोन वाजला. पैसा देणाऱ्यांचा माणूस होता. बोलता बोलता त्या नवलकडे बघून हसल्या, अंगठा वर केला.

"मॅडम, ते सहा नंबर..."

दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "हो हो, नवलभाऊ, तुमच्यामुळेच. तुम्ही बरोबर मध्यावर खणलंत."

तिसऱ्यांदा तो मॅडमकडे गेलाच नाही. प्रेमराज ग्रामपंचायतीत एकटा होता, तिथं गेला आणि दाराशी उभा राहिला.

"बस," प्रेमराज म्हणाला.

नवल बसला नाही.

"तुना मनमा काय शे ते माले समजस. मी व्हतू तठे. पावडं मनं व्हतं." त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुले सांगनं व्हई तं सांग. मी आडा नही येवाव. आते मॅडमले फोन लाव, सांग का ते मीठ आमनं शे."

"मंग?"

"मंग काय. मंग पाच. पाचले देतस का त्या?" बाहेर हापशावर बायका भांडत होत्या. "भटूनी आंडेरना हात देखात तू? कालदिन शाळामा बाईनी तिले मांगे बसाडं. बाकीना पोरं संगे बसतस नही."



"तुनी तं गयी, नवल," प्रेमराज म्हणाला. आणि मग, आपण काय बोललो ते ऐकू आल्यासारखा, चष्मा परत डोळ्यांवर चढवून कागद चाळायला लागला.

नवल हापशापाशी आला. भांडण मिटवलं. दोघींच्या घागरी स्वतः भरून दिल्या.


कंबरेइतकं

काम चैत्रात सुरू झालं. ऊन असं की सकाळी नऊला पावड्याचा दांडा हाताला चटका द्यायचा. जेसीबीने माती ओढायची, बायकांनी ती जाड पांढऱ्या पोत्यांत भरायची, दाभणाने तोंड शिवायचं, वजन करायचं, लाल अक्षरांची चिठ्ठी डकवायची: धोकादायक. पोती ट्रकने लांब जाणार. तिकडे एक भलामोठा खड्डा आहे म्हणे, खाली प्लास्टिक, वर प्लास्टिक.

ठेकेदाराचा माणूस लीलाधर, जळगावचा. छत्रीखाली बसून पोत्यांचे नंबर लिहायचा. बूट सहाच जोड आले होते, बाया चौदा. "पुढच्या खेपेला आणतो ताई," तो रोज म्हणायचा. उरलेल्यांनी पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. दुपारपर्यंत त्या फाटायच्या.

नवलच्या घरातून मेघा. नवल स्वतः पंचायतीच्या कामावर, त्यामुळे दुसरं कोण जाणार? तो पहिल्याच दिवशी तिला म्हणाला, "तू दोन नंबरवर जाय. तठे सावली शे."

"तठे कसानी सावली? एक झाड नही."

"जाय ना. सांगी ऱ्हायनू ना."

नऊ दिवस ती दोनवर होती, मग तीनवर, मग आठवर. दहाव्या दिवशी बाकीचे खड्डे संपले आणि सगळ्या बाया सहावर आल्या. नवल सकाळपासून विहिरीच्या काठावर उभा. विहीर उपसायचं इंजिन चालू होतं. तिथून हिवर दिसत होता.

आधी जेसीबीने झाड पाडलं. मुळासकट. मग वरची फूटभर माती. मग आणखी एक. बाया भरत होत्या, बोलत होत्या.

"आठेनी माती पांढरी दिखस वं."

"कारखानानं मीठ शे ते. मॅडम नही का सांगत व्हती."

मेघाने ढेकूळ उचललं. हातमोजा काढला. ढेकूळ बोटांनी फोडलं. आत करवंदाएवढा खडा निघाला, कडा झिजलेल्या, मातकट. तिने तो साडीला पुसला.

"ओ, तोंडाले लावू नको," शेजारची ओरडली. "ईख शे ते, जहर."

मेघाने जिभेला लावला.

"हाई खडामीठ शे," ती म्हणाली. "लोनचानं मीठ."

"मंग काय व्हयनं? मीठ ते मीठ."

मेघाने खडा मुठीत धरला. ती जिथं हिवर होता तिकडे बघत होती. मग तिने मान वळवली आणि दोनशे पावलांवर विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या नवलकडे बघितलं. आखाजीला तो नेमका कुठं उभा राहायचा ते तिला आठवलं असेल. किंवा दारातलं पोतं आठवलं असेल, निळ्या मोराचं, जे श्रावणात एकाएकी घरात आलं आणि कुठून आलं ते कोणी सांगितलं नव्हतं.

नवलने इंजिन बंद केलं.

तो जवळ येईपर्यंत जेसीबीचा पंजा पुन्हा वर गेला होता. मेघा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. ड्रायव्हर ओरडला. लीलाधर छत्रीखालून उठला. "ताई, बाजूला व्हा! काय झालं?"

"मशीन नको," मेघा म्हणाली. "इतली जागा आम्ही हातवरी काढसूत."

"अहो पण वेळ लागेल ना त्याला."

"चहा प्या भाऊ तुम्ही," नवल म्हणाला. त्याचा आवाज कोणाला ओळखू आला नाही. "तुमचा चहा होईस्तोवर होतं."

लीलाधरने दोघांकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. "चला, चहा," तो म्हणाला. बाया गेल्या. जाताना एकीने दुसरीचा हात धरला होता. त्यांच्यातल्या दोघीतिघींच्या घरचे पुरुष त्या श्रावणात नाल्यावर आले होते.

नवल आणि मेघा गुडघ्यांवर बसले. तिने दुसराही हातमोजा काढला.

बाया परत आल्या तेव्हा चार पोती भरून झाली होती. तीन शिवलेली. चौथ्याचं तोंड मेघा शिवत होती, दाभणाचे टाके एकाला एक लागून, झबल्याला घालतात तसे बारीक. नवल खड्ड्यात उभा होता. कंबरेइतका.

मिठाने काही ठेवलं नव्हतं. माती होती.


लीलाधरने पोती वजनावर घेतली, नंबर लिहिले. मग मेघाच्या अंगाकडे बघून थबकला. तिच्या पदराचं टोक कमरेला खोचलेलं होतं आणि त्याला गाठ होती, लिंबाएवढी.

"ताई, ते काय आहे?"

"काही नाही."

"माती आहे का?"

तिने गाठीवर हात ठेवला.

तो वाईट माणूस नव्हता. आवाज खाली आणून म्हणाला, "नियम आहे ताई. कणभरसुद्धा बाहेर जाऊ द्यायची नाही. उद्या कोणी आजारी पडलं तर माझ्यावर येईल. सोडा गाठ. झटका पदर."

चौदा बाया, जेसीबीचा ड्रायव्हर, राखणीचा माणूस. सगळ्यांसमोर मेघाने गाठ सोडली. बोटं मातीने भरलेली, गाठ लवकर सुटेना. नवलने हात पुढे केला. तो तिने बाजूला सारला. पाचव्या पोत्याचं तोंड उघडं होतं, त्यावर पदर धरला.

"नीट झटका. अजून एकदा."

तिने अजून एकदा झटकला.

दुपारी ज्योत्स्ना मॅडम आल्या. पेढे आणि फोटो काढणारा माणूस घेऊन. पुढच्या वर्षी इथं काय काय होईल ते त्या हाताने दाखवत होत्या: तिकडे चराई, इकडे पोरींना खेळायला मैदान, विहिरीचं पाणी तपासून पुन्हा सुरू. भटूची मुलगी सगळ्यात पुढे, हातांना पट्ट्या. तिला मध्यभागी उभी करून फोटो काढला. ट्रक भरून उभा होता.

मेघा मॅडमजवळ गेली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"मॅडम, जिथं नेता तिथं... पाऊस लागतो का?"

हा प्रश्न ऐकून ज्योत्स्ना मॅडमना बरं वाटलं. बायकांना हे विचारावंसं वाटतं म्हणजे काम पोचलं. "एक थेंबही नाही ताई. वरून झाकतात, कडा सील करतात. शंभर वर्षं पाणी लागणार नाही."

मेघाने मान हलवली. "आखाजीला बी नाही," ती म्हणाली, पण ट्रक सुरू झाला होता आणि ते नवलशिवाय कोणी ऐकलं नाही.


संध्याकाळी टँकरपाशी सगळ्यांना हातपाय धुवायला लावलं. मेघाने हात धुतले. कोपरापर्यंत, लीलाधरसमोर. पायांच्या पिशव्या सकाळीच फाटून गेल्या होत्या. पाय धुवायला ती थांबली नाही.

नवल चार पावलं मागून चालत होता. वाटेत ती एकदाच बोलली, मागे न बघता.

"चार वरीस मी दगडले पानी पाजं."

नवलने चपला काढून हातात घेतल्या.

प्रमिलाबाई ओट्यावर होती. तिने सुनेचं तोंड बघितलं आणि भिंतीला धरून उठली. मेघा दारात थांबली. पायाखाली पोतं होतं, धुऊन धुऊन विटलेलं, मोराचा निळा आता फक्त मानेपाशी. चार वर्षं घरातल्या प्रत्येकाने त्यावर पाय पुसले होते. ती वाकली, ते उचललं, झटकलं नाही. मध्ये घडी घातली, परत घडी घातली आणि छातीशी धरलं.

आणि पाय न पुसता आत गेली.

सकाळीच सारवलेलं घर. दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून कोपऱ्यातल्या पाळणा टांगायच्या कडीखालपर्यंत, तिच्या पावलांची माती उमटत गेली. पांढुरकी, ओलसर. कडीखाली येऊन ती बसली.

प्रमिलाबाईने सवयीने केरसुणी उचलली. उंबऱ्याजवळच्या पहिल्या पावलापर्यंत आली. नवल दाराबाहेर उभा होता, आपल्या चपला हातात घेऊन. त्या चपलांनाही माती होती. त्याने आईकडे बघितलं.

प्रमिलाबाईने केरसुणी भिंतीला लावून ठेवली आणि पावलांना वळसा घालून, भिंतीच्या कडेकडेने, ती सुनेपाशी गेली.